न हलणाऱ्या दिव्यांची धाव

हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दसऱ्याच्या दिवसांत प्रकाशाची कमान उभी राहते, आणि तिच्याखालून जाणाऱ्या हजारो माणसांपैकी कोणालाही विचारले तर तो शपथेवर सांगेल, की दिव्यांची एक रांग डाव्या खांबाच्या पायथ्यापासून वर चढत गेली, माथ्यावरून वळली आणि उजव्या खांबावरून उतरून जमिनीत नाहीशी झाली. ही साक्ष कोणत्याही मुन्सिफाच्या कचेरीत उलटतपासणीला टिकणार नाही, कारण त्या कमानीवरचा एकही दिवा आपल्या जागेवरून तसूभर हललेला नसतो. आणि तरीही साक्षीदार खोटे बोललेला नसतो, कारण त्याने ती धाव खरोखरच पाहिलेली असते. जी गती वस्तूत नाही आणि तरी दृष्टीत आहे, तिचा इतिहास तत्त्वज्ञांच्या पोथ्यांपासून व्यापाऱ्यांच्या गच्च्यांपर्यंत आणि तेथून आमच्या जत्रांपर्यंत कसा येऊन पोहोचला, हे लिहून ठेवावे असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. जाहिरातीच्या धंद्यातील एक क्लृप्ती एवढीच या विषयाची किंमत नव्हे.

या प्रकरणाचे पहिले पान आपल्याच दप्तरात आहे. होळीतले जळते कोलीत हातात घेऊन गरगर फिरवले की अंधारात अग्नीचे अखंड कडे दिसते, हे खेड्यातल्या कोणत्याही पोराला ठाऊक असते. शहरातली मुले तोच खेळ दिवाळीत फुलबाजीने खेळतात. संस्कृतात या कड्याला अलातचक्र म्हणतात. न्यायसूत्रकारांना हा दृष्टांत एका सूक्ष्म वादात उपयोगी पडला: मन एका क्षणी एकाच इंद्रियाशी संयुक्त होते, म्हणून दोन ज्ञाने एकदम उपजणे शक्य नाही, एकदम उपजल्यासारखी जी भासतात ती केवळ संचाराच्या शीघ्रतेमुळे, ज्याप्रमाणे कोलीत एका वेळी एकाच ठिकाणी असूनही सर्व वर्तुळभर असल्यासारखे दिसते त्याप्रमाणे. पुढे गौडपादाचार्यांनी मांडूक्यकारिकांच्या चौथ्या प्रकरणाला ‘अलातशांति’ असेच नाव दिले आणि कोलिताच्या स्पंदनाने जशा सरळ-वाकड्या आकृती भासतात, तसा चित्ताच्या स्पंदनाने हा द्रष्टा-दृश्याचा पसारा भासतो, असे प्रतिपादन केले. हातात दिवटीखेरीज दुसरे साधन नसता या मंडळींनी डोळ्याच्या या धर्माचे जे निरीक्षण केले, ते पुढच्या कथेच्या शेवटापर्यंत आपल्या उपयोगी पडणार आहे.

युरोपात हे निरीक्षण यंत्राच्या स्वरूपात आले. बेल्जियममधील जोसेफ प्लाटो याने १८३२ साली एक तबकडी तयार केली. तिच्या कडेला फटी आणि फटींच्या मधे नर्तकाची एकाहून एक किंचित निराळी चित्रे होती, आणि आरशासमोर ती फिरवून फटींतून पाहिले की नर्तक गिरकी घेऊ लागे. प्रकाशाचा डोळ्यावर होणारा परिणाम अजमावण्यासाठी या शास्त्रज्ञाने एकदा उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहिले होते, आणि १८४३ पर्यंत तो पूर्णपणे अंध झाला. तो का अंध झाला याविषयी वैद्यांत मतभेद आहेत. परंतु चित्रांना चालायला शिकवणाऱ्या माणसाने आयुष्याची पुढची चाळीस वर्षे काळोखात काढली आणि तेथूनही संशोधन सोडले नाही, ही गोष्ट मला कधी विसरता आलेली नाही.

विजेचा दिवा आला तेव्हा दिवा आणि गती यांची गाठ पडायला तीन वर्षेही लागली नाहीत. १८८२ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील विद्युत्प्रदर्शनात एडिसनचा सहकारी विल्यम हॅमर याने आपल्या धन्याचे नाव दिव्यांनी लिहिले आणि हाताने फिरवायच्या एका चक्रीच्या योगाने त्यातील अक्षरे एकामागून एक उजळवून दाखविली. दुसऱ्या वर्षी बर्लिनमध्ये तेच काम त्याने यंत्राकडे सोपविले. त्याच १८८२ साली मुंबईत एका विद्युत्कंपनीने क्रॉफर्ड मार्केट विजेच्या दिव्यांनी उजळण्याचा करार केला होता, परंतु वर्षभरात त्या कंपनीचे दिवाळे वाजले आणि मंडई पुन्हा गॅसच्या दिव्यांवर आली. आमच्या इलाख्यात वीज प्रथम आली ती अशी पाहुणी म्हणून. तिचे कायमचे बिऱ्हाड व्हायला पुढे वीस-पंचवीस वर्षे लागली.

१८९२ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन चौकात एका उंच भिंतीवर सुमारे दीड हजार दिव्यांची पाटी लागली. समुद्राच्या वाऱ्याने निववलेल्या लाँग आयलंडवर घरे विकत घ्या, असा तिचा मजकूर होता, आणि त्यातल्या ओळी निरनिराळ्या रंगांत एकीमागून एक पेटत. याच वर्षी आमच्या कल्याणला महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने आपले दीपचित्रांचे खेळ सुरू केले. शंबरासुराच्या मायेवरून घेतलेले हे नाव आज उच्चारायलाही कठीण वाटते. परंतु काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगविलेली रामायण-महाभारतातील पात्रे, त्या पट्ट्या एकमेकींवरून सरकवून त्यांना दिलेल्या हालचाली आणि सोबतचे निवेदन व गायन यांनी चलच्चित्र मुंबईत येण्याच्या चार वर्षे आधी मराठी प्रेक्षक पडद्यावरच्या गतीला सरावला होता. अमेरिकन भिंतीवरचा दिवा जमिनी विकत होता आणि कल्याणचा दिवा कथा सांगत होता. साधन एकाच जातीचे असूनही त्याला जे निरनिराळे काम मिळाले, त्यात दोन समाजांच्या गरजांचा फरक दिसतो असे माझे मत आहे.

या कलेचा खरा दरबार भरला तो १९१० साली. न्यूयॉर्कच्या हेरल्ड चौकाजवळ एका हॉटेलाच्या गच्चीवर एल्वुड राइस नावाच्या उद्योजकाने ७२ फूट उंच आणि ९० फूट रुंद असा विजेचा फलक उभारला, आणि त्यावर सुमारे २०,००० दिव्यांनी रोमन रथांची शर्यत चालविली. घोड्यांचे पाय पुढे-मागे पडत, रथांची चाके फिरत, सारथ्यांची वस्त्रे वाऱ्यावर फडफडत, चाकांखालची धूळ उडे. हे सर्व साधायचे म्हणजे एकाच घोड्याचे पाय निरनिराळ्या स्थितींत एकमेकांवर दिव्यांच्या रेषांनी रेखायचे आणि त्यांतली प्रत्येक स्थिती क्षणाच्या अल्पांशापुरती पेटवून विझवायची; म्हणजे प्लाटोची तबकडी इमारतीएवढी मोठी करून तिची फट काढून टाकायची आणि फटीचे काम विजेच्या प्रवाहाकडे द्यायचे. रस्त्यावर जमणाऱ्या गर्दीचा बंदोबस्त करायला पोलिसांची जादा तुकडी नेमावी लागे, असे तत्कालीन वर्णनांत आहे. रथांच्या वर जी अक्षरे उजळत त्यांत निरनिराळ्या कारखानदारांना जागा विकायची, हा राइसचा व्यवहार होता. त्या शर्यतीत पहिला रथ पहिलाच राही, त्याला कोणी कधी मागे टाकीत नसे, आणि तरीही लोक रात्रीमागून रात्री माना वर करून उभे राहत.

त्याच वर्षी जर्मनीत माक्स वेर्टहायमर नावाचा तरुण संशोधक आगगाडीने सुटीवर निघाला होता. खिडकीबाहेर पाहता पाहता त्याच्या मनात गतीच्या भासाविषयी एक कल्पना आली आणि तो मधेच फ्रँकफुर्टला उतरला, बाजारातून मुलांचे फिरत्या चित्रांचे खेळणे विकत घेऊन त्याने हॉटेलच्या खोलीतच प्रयोगाला आरंभ केला, अशी हकीकत सांगतात. १९१२ साली त्याचा प्रबंध प्रसिद्ध झाला. दोन प्रकाशरेषा थोड्या अंतरावर एकीमागून एक दाखवायच्या: मधला अवकाश सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढा असला तर एक विझली आणि दुसरी पेटली एवढेच दिसते; तो सेकंदाच्या तिसाव्या हिश्शाच्या आसपास आणला तर दोन्ही एकदम पेटल्याचा भास होतो; आणि या दोहोंच्या मधे, सुमारे सेकंदाच्या सोळाव्या हिश्शाला, रेषा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर प्रत्यक्ष चालत जाताना दिसते. याहून विलक्षण अनुभव असा, की काही वेळा रेषा न दिसता केवळ चालणे तेवढे दिसे. ज्याला चालणारा नाही असे ते चालणे होते. गौडपादाचार्यांना हा प्रयोग दाखविला असता तर त्यांनी त्याचे काय केले असते, याचा विचार करीत मी पुष्कळ वेळ घालविला आहे.

१९१२ हेच पूर्णा-हिंगोली लोहमार्गाचेही साल. निजामाच्या अमलातील या मुलखात आगगाडी प्रथम हिंगोलीच्या स्थानकात शिरली, तेव्हा हे गाव आपल्या वैभवाच्या उतरणीवर होते. हैदराबाद कंटिंजंटची छावणी येथे दीर्घकाळ होती, घोडदळ-पायदळाच्या पलटणी होत्या. १९०३ च्या फेररचनेत ती छावणी उठली. मात्र छावणीच्या काळातली एक गोष्ट मागे राहिली, ती म्हणजे दसरा. खाकीबाबा मठाचे महंत मानदासबाबा यांनी १८५५ साली या उत्सवाचा पाया घातला, अशी परंपरा आहे. मराठवाड्यातल्या एका गावात रामलीला आणि रावणदहन यांना एवढे महत्त्व यावे, याचे कारण छावणीतल्या उत्तर हिंदुस्थानी शिपायांच्या वस्तीत शोधावे लागेल, असा माझा तर्क आहे. कारण एरवी आमच्याकडचा दसरा शमीपूजनाचा, सोने लुटण्याचा आणि सीमोल्लंघनाचा. पन्नास फुटांहून उंच रावण, भोवती प्रदर्शन, आकाशपाळणे, खेळण्यांची आणि मिठाईची दुकाने असा तो उत्सव पुढे वाढत गेला.

या मुलखाला हलत्या दृश्याची ओढ नवी नाही. येथून जवळच औंढा नागनाथ आहे. नामदेवांना कीर्तन करू न देता देवळामागे घालवून दिले तेव्हा देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले, ही कथा मंदिराच्या मागच्या बाजूचा नंदी दाखवून भाविक आजही सांगतात. आणि नामदेवांचे नरसी याच जिल्ह्यात आहे. दगडाचे देऊळ भक्तासाठी वळले हे ज्यांनी सातशे वर्षे जिव्हाळ्याने सांगितले, त्या लोकांनी दिव्यांची धाव प्रथम पाहिली तेव्हा ती त्यांना परकी वाटली नसावी.

परंतु ती पाहण्यासाठी वीज हवी होती, आणि निजामी अमलातील खेडोपाडी जाहिरात म्हणजे दवंडी किंवा भिंतीवर डकवलेला उर्दू इश्तिहार, आणि रोषणाई म्हणजे मशालजी, दीपमाळ आणि पुढे गॅसबत्ती. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे १९६८ च्या सुमारास पुरी झाली, त्यांतले सिद्धेश्वर औंढा तालुक्यात आणि येलदरी शेजारच्या जिंतूर तालुक्यात. येलदरीच्या पायथ्याशी वीजगृह बसले, म्हणजे ज्या पूर्णेच्या काठी लोक कार्तिकात दिवे सोडीत तिच्याच पाण्यावर दिवे पेटू लागले. हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. तोपर्यंत त्याचे सर्व कागद परभणीच्या कचेरीत असत.

उत्सवाच्या धावत्या रोषणाईमागे जे यंत्र असे, त्याचे वर्णन सविस्तर केले पाहिजे, कारण ते आता दिसेनासे झाले आहे. ज्याने कोणी कमानीच्या पाठीमागे जाऊन डोकावले असेल त्याला एक लाकडी रूळ आठवेल. त्यावर तांब्याच्या पत्र्याचे तुकडे पायऱ्या-पायऱ्यांनी ठोकलेले असत, एक लहानशी मोटार तो रूळ संथपणे फिरवी, आणि वर टेकलेल्या पितळी पट्ट्यांखाली तांबे आले की त्या पट्टीची तार जिवंत होई व लाकूड आले की मरे. टकटक आवाज, तांब्याच्या कडेला उडणाऱ्या निळ्या ठिणग्या आणि तापलेल्या लाकडाचा एक वास, एवढा तो पसारा. हॅमरच्या चक्रीचा हा थेट वंशज होय.

यातले मर्म दिव्यांच्या जोडणीत होते. रांगेतले दिवे एक, दोन, तीन, पुन्हा एक, दोन, तीन असे मोजायचे आणि सर्व ‘एक’ मिळून एका तारेवर, सर्व ‘दोन’ दुसरीवर, सर्व ‘तीन’ तिसरीवर घ्यायचे. दोनच तारा घेतल्या तर काम होत नाही: विझलेल्या दिव्याच्या डावीकडचा शेजारी आणि उजवीकडचा शेजारी एकाच वेळी पेटतात, दोघांचे अंतर सारखेच, म्हणून डोळ्याला दिशा ठरविता येत नाही आणि माळ नुसती लुकलुकते. तिसरी तार आली की ‘एक’ विझल्यावर पेटणारा ‘दोन’ एका बाजूला लगतच असतो आणि दुसऱ्या बाजूला दोन घरे दूर. डोळा जवळचा शेजारी पत्करतो, आणि माळ त्या दिशेने धावू लागते. तिन्हींतल्या कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली की धाव उलटी होते. आमच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही, कारण विहिरीवरची तीन फेजची मोटार उलटी फिरू लागली की दोन तारा बदलून ती सुलटी करणे हे त्याच्या नित्याच्या अनुभवातले आहे. तेथेही वेटोळी जागच्या जागी असतात आणि त्यांच्यातून चुंबकत्व तेवढे पाळीपाळीने फिरत जाते.

ज्या वायरमनांनी हे रूळ घडविले त्यांची नावे कोणत्याही गॅझेटियरात नाहीत. तांब्याचा तुकडा किती लांब कापायचा म्हणजे धाव झटक्यांनी न होता वाहती वाटेल, हे त्यांनी कोणा वेर्टहायमरचा प्रबंध वाचून ठरविले नव्हते. कमानीसमोर उभे राहायचे, पाहायचे, मागे येऊन रुळाची गती कमी-जास्त करायची आणि पुन्हा पुढे जाऊन पाहायचे, या रीतीने ते त्याच आकड्याशी पोहोचले. बंगालमध्ये चंदननगरच्या श्रीधर दास यांना अशा रोषणाईबद्दल देशभर कीर्ती मिळाली ती योग्यच झाली. आमच्याकडच्या कारागिरांची दखल कोणी घेतली नाही याचे मला मनापासून दुःख आहे.

निऑनच्या नळ्यांविषयी थोडक्यात सांगतो. फ्रान्सच्या जॉर्ज क्लोद याने १९१० साली त्या पॅरिसच्या प्रदर्शनात मांडल्या आणि पुढल्या तीन दशकांत त्यांनी जगातल्या शहरांचे रात्रीचे रूप बदलले. परंतु गतीच्या इतिहासात त्यांनी नवे तत्त्व आणले नाही. नवे तत्त्व आणले ते १९२८ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या टाइम्स इमारतीभोवती लागलेल्या १४,८०० दिव्यांच्या पट्ट्याने, ज्यावर अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा निकाल अक्षर-अक्षर सरकत लोकांनी वाचला. छापखान्यातल्या खिळ्यांप्रमाणे अक्षरांचे साचे जुळवून ते एका साखळीवर चढवीत. साखळी सरके तसतसे साचे खालच्या विद्युत्स्पर्शांवरून घासत जात आणि बाहेर त्याच आकृतीचे दिवे पेटत जात. आत अक्षर खरेच चालत होते. बाहेर त्याची छाया दिव्यादिव्यांतून पुढे जात होती.

सरकत्या अक्षरांचा हा वंश आज हिंगोलीच्या बसस्थानकासमोर औषधांच्या, भ्रमणध्वनींच्या आणि खतबियाणांच्या दुकानांवर नांदतो आहे. देवनागरी डावीकडून उजवीकडे वाचायची म्हणून मजकूर उजवीकडून डावीकडे सरकतो. निजामाच्या अमलात अशी पाटी असती तर तिच्यावरचा उर्दू इश्तिहार नेमका उलट्या दिशेने धावला असता. शिरोरेषेमुळे आणखी एक मौज घडते जी रोमन लिपीच्या वाट्याला येत नाही: शब्द सरकत असताना वरची रांग पेटलेलीच राहते, म्हणून रेषा स्थिर वाटते आणि तिच्याखाली अक्षरे, दोरीवर वाळत घातलेली वस्त्रे वाऱ्याने एका बाजूला जावीत तशी, वाहत जातात, शब्द संपून मोकळी जागा आली म्हणजेच रेषाही चालत होती असे कळते. वर वेलांटी, खाली उकार यांनाही जागा लागते, म्हणून इंग्रजी अक्षर ज्या सात रांगांत बसते तेथे आमचे बसत नाही. बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या तावदानात सोळा रांगा आणि बत्तीस स्तंभ, म्हणजे ५१२ दिवे असतात, आणि त्यांत मराठी नीट मावते.

या तावदानाचे एक रहस्य मला उशिरा कळले. एका दसऱ्यात प्रदर्शनातील अशाच एका पाटीचे छायाचित्र मी भ्रमणध्वनीवर घेतले, तर त्यात अक्षराचे तुकडे पडलेले: काही रांगा उजळ, मधल्या काळ्या. पाटी बिघडली असेल म्हणून पुन्हा पाहिले तर डोळ्यांना ती सबंध दिसत होती. पुन्हा छायाचित्र घेतले तर निराळ्याच रांगा काळ्या. दुकानदाराने बोलावलेल्या तरुण कारागिराने समजावून सांगितले, की या जातीच्या तावदानात सोळाही रांगा एकदम कधीच पेटत नाहीत; विजेची आणि तारांची बचत व्हावी म्हणून एका क्षणी चार पेटतात, मग दुसऱ्या चार, मग तिसऱ्या, मग चौथ्या, आणि हा फेरा इतक्या त्वरेने चालतो की डोळा चारही पाळ्या एकत्र करून सबंध अक्षर पाहतो. जुन्या कमानीवर स्थिर दिवे धावताना दिसत. येथे अखंड धावणारे दिवे स्थिर दिसत होते. शीघ्र संचारामुळे जे एकामागून एक आहे ते एकदम आहे असे भासते, हे न्यायसूत्रातले विधान माझ्या हातातल्या त्या छायाचित्रात उघडे पडले होते, आणि समोरच्या पाटीवर ‘शुभ दसरा’ ही दोन पदे, एकही रांग न हलवता, शांत उभी होती.

मैदानावर तेवढ्यात रावण पेटला आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. माझ्यापुढे वडिलांच्या खांद्यावर बसलेल्या एका मुलाने जळून खाली पडलेली एक कामटी मागून घेतली. वडिलांनी ती विझू देऊन त्याच्या हाती दिली, पण टोकाला निखारा अजून जिवंत होता, आणि मुलाने हात ताणून ती डोक्याभोवती गरगर फिरवायला सुरुवात केली.